पायपेटी बंद असताना झालेली मयत

नवरा गेला हे मी सोसलं असतं, पण त्याला मुक्यानं पुरावं लागलं, हे मला देवाला माफ करता येत नव्हतं. अमरावतीच्या आमच्या चर्चमध्ये लग्न असो की मयत, पायपेटी मीच वाजवत आले. साऱ्या गावाच्या मयतीत माझे पाय दुखले, आणि माझा माणूस गेला तो नेमका गुड फ्रायडेच्या रात्री. देवानं दावा साधला, असंच मला वाटलं.

आमच्यात फार जुनी रीत आहे. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, मिस्सेत म्हणजे उपासनेत गौरवगीत झालं की पेटी बंद, घंटा बंद. प्रभू मरणात आहे म्हणून ईस्टरच्या गौरवगीतापर्यंत कुठलंच वाद्य वाजत नाही, आणि त्या दिवसांत कुणी गेलं तर मयतही गाण्यावाचून होते. गुरुवारी पेटीचं झाकण मीच लावलं होतं. आजारपणात नवरा म्हणायचा, "मी गेलो का तूच वाजवजो, दुसऱ्या कोनाले हात लावू देऊ नको." मी हो म्हटलं होतं.

शनिवारी सकाळी फादरांपुढे पदर पसरला. "एकच गाणं वाजवू द्या." ते म्हणाले, "बाई, नियम तुम्हाला मी सांगायचा का?" सांगायची गरज नव्हती, म्हणूनच जास्त झोंबलं. पुन्हा त्या पेटीला पाय लावणार नाही, असं मी तिथंच सांगून टाकलं.

कबरस्तानाच्या रस्त्यावर समोरून वरात आली, बँड जोरात. परक्याच्या लग्नाला वाजतंय आणि माझ्या माणसाला काही नाही, या विचारानं अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात पुढच्या क्लॅरिनेटवाल्या म्हाताऱ्याला शवपेटी दिसली. त्यानं हात वर केला आणि अख्खा बँड थांबला. वरातीतला एकजण खेकसला, "काहून थांबले बे?" म्हातारा म्हणाला, "मयत जाऊ द्या, भाऊ." मग मला विचारलं, "माय, घरचंच कोनी?" "मालक," मी म्हटलं. "तुमी सारे जाईपर्यंत आमी उभे आहो." वाद्यं काखेत धरून ती माणसं मान खाली घालून उभी राहिली. त्या शांततेतून आम्ही पुढे गेलो. तो म्हातारा मला पुन्हा कधी दिसला नाही.

कबरेवर माती पडताना कळलं, आदल्या दुपारी चर्चमध्ये क्रुसापुढे आम्ही असेच मुके उभे होतो. जी शांतता आम्ही प्रभूच्या मरणाला देतो, तीच माझ्या माणसाला मिळाली होती. तिला मी अपमान म्हणत होते.

त्याच रात्री ईस्टरच्या जागरणाच्या मिस्सेला गेले ती मागच्या बाकावर बसायला. गौरवगीताची वेळ आली, पेटीवर कुणी नव्हतं. फादर माझ्याकडे बघून नुसते थांबले. त्यांच्यावरचा राग गेला नव्हता, आजही पुरता गेलेला नाही. पण उठले, झाकण उघडलं आणि रडत रडत वाजवलं. मला हवं ते देवानं दिलं नाही. जे दिलं, त्यासाठी मी त्याचे आभार मानते. आणि पेटीला त्या दिवशी दुसऱ्या कुणाचाच हात लागला नाही.