कादंबरीत तो परत येत नाही

जवळच्या नवापूर किनाऱ्यावरच्या एक कोळीण मावशी आमच्या बोईसरच्या घरी मासे आणत. समुद्रात नवरा गमावलेल्या कोळणीची एक जुनी कादंबरी त्यांनी माझ्याकडून नेऊन तीनदा वाचली होती. त्या कादंबरीवर मालिका आली तेव्हा मावशी रोज दुपारी पाटी उतरवून आमच्याकडेच बघायला बसत आणि पात्रांना मोठ्याने दटावत.

गेल्या महिन्यात मालिकेतला नवरा जिवंत परतला. माझ्या सुनेने टाळ्या वाजवल्या.

“पुस्तकात तो येत नाय,” मावशी म्हणाल्या.

“लोकांना असंच आवडतं, मावशी,” मी म्हटलं.

“मला नाय आवडायचं? माझापण बोटीवरून आला नाय. त्या बाईच्या सोबतीनं दिवस काढले मी. आता तिचा आला.”

त्या पाटी उचलून निघाल्या. आता शेजारच्या इमारतीतून त्यांची हाक तेवढी ऐकू येते.