पहिलीची बोली

लोह्याहून निलंग्याला लग्न होऊन आले, तेव्हा मंगळसूत्रासोबत माझ्या गळ्यात सवतही घातली. निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं होती ती. यांची पहिली बायको बाळंतपणात गेलेली. दुसरेपणावर आलेल्या मुलीनं पहिलीचा टाक, म्हणजे बाईचा आकार ठोकलेला चांदीचा छोटा पत्रा, गळ्यात घालायचा आणि जेवायच्या आधी ताट तिला दाखवायचं, ही रीत मला माहीत होती. पहिली भालकीकडची होती आणि तिला मराठी येत नव्हतं, हे मात्र इथं आल्यावर कळलं.

"तिला मराठी कुठं कळतंय? कानडीत बोलीव," सासूबाई म्हणाल्या. म्हणून माझं पहिलं कानडी वाक्य मेलेल्या बाईसाठी होतं. अक्का, ऊट माड. ताई, जेव.

घरात कानडी, यांच्या दुकानात उर्दू, आणि मला नुसती मराठी. हे दिसायला देखणे, पण माझ्याकडं बघून न बघितल्यासारखं करायचे. मला ते फार आवडले होते, त्यामुळं रागही तेवढाच यायचा. हट्टाला पेटून मी सासूबाईंकडून कानडी शिकू लागले. एका दुपारी डाळ निवडताना मी काहीबाही बोलत होते, तर सासूबाईंचा हात सुपातच थांबला.

"शेवट असा लांबवून बोलायला तुला कोनी शिकिवलं? आमच्यात न्हाई कोन बोलत. ती बोलायची."

संध्याकाळी माझं तेच बोलणं यांच्याही कानावर पडलं. त्या दिवसापासून हे दुकानातून लवकर येऊ लागले. जवळ बसायचे, कानडीत गप्पा मारायचे, हसायचे. नजर माझ्या चेहऱ्यावर नसायची, टाकावर असायची. ते मला दिसत होतं. पण इतकी माया सोडवते कुणाला?

सातव्या महिन्यात मी बाळंतपणाला माहेरी निघाले. लातूरपर्यंत बैलगाडी, पुढं मोटार, असं ठरलं होतं. गाडी हे स्वतः हाकत होते. गाव मागं पडलं आणि यांनी लातूरची वाट सोडून बैल उगवतीकडं वळवले.

"हिकडं कुठं?"

"तुझ्या आईकडं," हे कानडीत म्हणाले, अगदी प्रेमानं. माझं माहेर लोह्याला हाय, असं मला ओरडून सांगायचं होतं. तोंडातून आलं ते लांबवलेलं कानडीच.

भालकीला पहिलीच्या माहेरच्या दारात एका म्हातारीनं माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. आतल्या खोलीत बाज तयार होती. पहिली तिथंच गेली, हे कुणी सांगायची गरज पडली नाही. पोटातलं बाळ हललं आणि मी भानावर आले. टाक गळ्यातून काढून मी म्हातारीच्या हातावर ठेवला.

"तुमची लेक घरी आली," मी कानडीत म्हणाले. "आता मला माझ्या आईकडं जाऊ द्या."

म्हातारी टाक छातीशी धरून रडली. यांनी माझ्याकडं नीट पाहिलं, अनोळखी बाईकडं पाहावं तसं, आणि बैल जुंपले.

लोह्याला मला मुलगी झाली. दोघी जगलो. पुढं यांनी मोडक्यातोडक्या मराठीत माझ्याशी संसार केला आणि मला कशाची कमी पडू दिली नाही. माझं कानडी त्या दारातच राहिलं. हे पुन्हा तसं हसून कधी बोलले नाहीत. खरं सांगायचं तर, मेलेल्या बाईच्या जागी बसून का होईना, हे जवळ बसून हसायचे त्या दिवसांत मी जितकी सुखी होते तितकी नंतर कधीच झाले नाही.