आतोबांनी लाडू खाल्ला नाही

आमच्या आतोबांइतका चोखंदळ माणूस ग्वाल्हेरात झाला नाही आणि होणारही नाही. असं मी म्हणत नाही, आतोबा स्वतःच म्हणतात, आणि ते खोडून काढायचं तर त्यांच्यासमोर निदान अख्खी दुपार बसावं लागतं, म्हणून आम्ही सगळे ते मान्य करून मोकळे झालो आहोत. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, राहणार जयेंद्रगंज. पगार त्यांना एका सरकारी खात्यातून मिळायचा, पण खरा उद्योग लग्नं जमवण्याचा. गावातल्या मराठी घरांतली कितीतरी जोडपी त्यांनी जमवलेली आहेत, आणि त्यातली बरीचशी अजून त्यांच्याशी बोलतात. या उद्योगात मुरल्यामुळे त्यांचं एक मत पक्कं झालं होतं: जगात निवडायच्या गोष्टी हजार असतील, पण निवडायची रीत एकच. स्थळ बघतात तसं बघायचं. घरात फ्रिज घ्यायचा ठरला तेव्हा ते दुकानात गेलेच नाहीत. तसला फ्रिज ज्यांच्याकडे आधीपासून नांदत होता अशा घरी जाऊन, चहा घेऊन, त्याचा स्वभाव कसा आहे याची चौकशी करून आले. बाबांची दाढ दुखायला लागली तेव्हा आतोबा एका दंतवैद्याच्या दवाखान्यात सकाळभर बाकावर बसून राहिले. कंपाउंडरने विचारलं तर म्हणाले, "मला काही दुखत नाही. आत गेलेली माणसं बाहेर कशी येतात, ते फक्त बघतोय." बाबा तोवर लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेत धरून घरी कण्हत होते.

स्थळ बघण्याचे त्यांचे नियम ठरलेले होते. पहिल्या भेटीत होकार द्यायचा नाही, तिसऱ्या भेटीशिवाय तर नाहीच नाही. आणि होकार ठरेपर्यंत समोरच्यांच्या घरचं गोड खायचं नाही. चहा चालेल, पोहे चालतील, पण गोडाला हात नाही. तोंड गोड झालं की जीभ मऊ पडते आणि मग नाही म्हणता येत नाही, असं त्यांचं शास्त्र. गावातल्या जुन्या मराठी घरांना ही रीत माहीत होती. पाहुणे लाडू तसाच ठेवून उठले की होकार नाही, हे घरातल्या बायका समजून घ्यायच्या आणि मुलीला आत बोलवायच्या. हा नियम पाळणं आतोबांना किती जड जात असेल ते आम्हालाच ठाऊक, कारण एरवी बेसनाचा लाडू दिसला की ते बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडतात.

अशा माणसाच्या हाती माझा गोल्फ पडला. झालं असं की आठवीच्या उन्हाळ्यात मी नागपूरला मामाकडे गेले आणि तिथे शेजारच्या काकांनी एकदा माझ्या हातात स्टिक दिली. चेंडू उडाला. तो कुठे पडला ते मी पाहिलंच नाही, मला फक्त हातातून खांद्यापर्यंत गेलेली ती झिणझिण आठवते. ग्वाल्हेरला परतले ती त्यांच्याकडची एक जुनी स्टिक घेऊन. थाटीपुरात आमच्या सरकारी क्वार्टर्सच्या मागे मोकळं मैदान आहे, तिथे मी आधी प्लास्टिकचे चेंडू मारले आणि मग, राहवलं नाही म्हणून, एक खरा. तो समोरच्या मिश्रा आंटींच्या गच्चीवरच्या लोणच्याच्या बरणीत विसावला. त्या संध्याकाळी बाबांनी दोन गोष्टी जाहीर केल्या: मैदानात गोल्फ बंद, आणि कुठल्या तरी क्लबात नाव घालायचं. दिवाळीनंतर मुलांची स्पर्धा होती आणि क्लबाकडूनच नाव गेलं तर त्यात खेळता येणार होतं. नावं दसऱ्यापर्यंत द्यायची होती, म्हणजे त्याआधी क्लब मिळायलाच हवा होता. मला झोप लागेना. मी आरशासमोर उभी राहून लाटण्याने फटके मारायची. बाबांना गोल्फमधलं काही कळत नव्हतं, आणि न कळणाऱ्या सगळ्या गोष्टी आमच्या घरात ज्यांच्याकडे जातात त्यांच्याकडेच हीही गेली.

आतोबांनाही गोल्फमधलं काही कळत नव्हतं, पण त्याचं त्यांना ओझं नव्हतं. बंद गळ्याचा कोट, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, स्कूटरवर मागे मी, अशी आमची स्वारी पहिल्यांदा हायवेवरच्या नव्या क्लबात गेली. कारंजं, काचेची दारं, हिरवंगार गवत, ने-आण करायला छोट्या गाड्या. मी तर दारातच होकार देऊन टाकला असता. मॅनेजरने आम्हाला पोहण्याचा तलाव दाखवला, हॉल दाखवला, स्वयंपाकघर दाखवलं. आतोबांनी विचारलं की मुलगी एकटी आली तर तिच्याबरोबर खेळणार कोण. मॅनेजर म्हणाला, अभी बच्चे तो नहीं हैं, पर सर, शादियाँ हमारे यहाँ बहुत होती हैं. चौकशी केल्यावर कळलं की लग्नसराईत सरावाच्या मैदानावर मांडव पडतो आणि खेळ बंद राहतो. आतोबा शांतपणे उठले. स्कूटरला किक मारता मारता म्हणाले, "जिथे दुसऱ्यांचीच लग्नं जोरात चालतात, तिथे आपली मुलगी देऊन काय फायदा?"

दुसरं स्थळ मुरारच्या बाजूचं, जुनं. तिथे ग्रीन नव्हतेच. पाणी कमी, म्हणून चेंडू घालायच्या खड्ड्याभोवती गवताऐवजी तेल घालून चोपलेली वाळू, तिला ब्राउन म्हणतात. निंबाची झाडं, मोर, आणि मैदानाच्या मधोमध आपल्याच तंद्रीत बसलेली एक गाय. मुलांचं सगळं बघायला एक उंच बाई होत्या, डोक्यावर मोठी टोपी, आवाज परेडचा. सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्यांनी मला काही विचारलं नाही, हिंदीत एवढंच म्हणाल्या की मार. मी मारला. मग दुसरा, मग तिसरा. पलीकडे माझ्याच वयाची पाच-सहा मुलंमुली वाळू सारखी करत होती, त्यांनी हात थांबवून पाहिलं आणि त्यातली एक ओरडली, "अरे, गजब!" मला दुसरीकडे कुठेही जायचं नव्हतं. मॅडम म्हणाल्या की एक जागा आहे, आणि आत जाऊन स्वतः चहा आणि बेसनाचे लाडू घेऊन आल्या.

आतोबांनी चहा घेतला. त्यांच्या नजरेला नजर न देता मी मनातल्या मनात म्हणत होते, खा, खा. आतोबा लाडवाकडे बराच वेळ बघत राहिले, मग बशी हलक्या हाताने पुढे सरकवली आणि मला मराठीत म्हणाले, "बाई जरा खडूस वाटतात गं, पण जागा वाईट नाही. देखते हैं, तसल्लीने बघू." मॅडमना त्यांनी घरी सल्ला करून सांगतो असं हिंदीत सांगितलं. मॅडमनी मान हलवली आणि बशी उचलली.

पुढचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. आतोबा मला न सांगता एकटेच पहाटे तिथे जाऊन निंबाखाली बसून आले होते, खेळून बाहेर पडणारी मुलं बघत. ती धुळीने माखलेली होती, एकमेकांशी भांडत होती आणि एकही रडत नव्हतं, म्हणून स्थळ त्यांना पसंत होतं. तिसरी भेट तेवढी बाकी होती. पण बाबांना दम निघाला नाही. त्यांनी क्लबात फोन लावला आणि तो ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. जागा गेली, म्हणाले. मॅडमनी अस्सल मराठीत सांगितलं होतं की त्यांचं माहेर इथल्याच शिंदे की छावनीचं, आजोबा फौजेतले, आणि आपल्या लोकांत लाडू तसाच ठेवून पाहुणा उठला म्हणजे काय समजायचं ते त्यांना कळतं. शिवाय खडूस या शब्दाचा अर्थही त्यांना ठाऊक आहे.

दुसरी कोणी बाई असती तर वाट बघत बसली असती. आमचं नशीब असं की गावभरच्या गोल्फ क्लबांत आम्हाला नेमकी आपलीच बाई भेटली. मी उशीत तोंड खुपसून रडले. बाबांनी आतोबांना बोलावून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. आतोबा सगळं ऐकत खुर्चीत बसून होते. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडायला लागला.

"जागा कुठे गेली नाही," ते म्हणाले. "विहीणबाई रुसल्यात."

रुसवा काढणं हे आतोबांचं खास काम. किती मांडवांतून, ऐन मुहूर्तावर खोलीचं दार लावून बसलेल्या वरमाया त्यांनी बाहेर काढल्या असतील. त्यांनी मला तोंड धुवायला लावलं आणि स्कूटर काढली. वाटेत त्यांनी मला त्यांचं तत्त्व सांगितलं: रुसलेल्या माणसाला कारणं द्यायची नसतात, त्याला हसायला काहीतरी द्यायचं असतं. क्लबात पोचल्यावर ते सरळ मॅडमपुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, मला एक चेंडू मारून बघायचाय. नंतर तुम्ही म्हणाल ते."

मॅडमनी स्टिक पुढे केली. कोटाची बटणं लावलेली, पाय फाकवलेले, अशा थाटात आतोबांनी पहिला फटका हवेत मारला. दुसऱ्याला मातीचं ढेकूळ उडून त्यांच्याच खिशात गेलं. तिसऱ्याला चेंडू खरोखर उडाला, निंबाच्या खोडावर आपटला आणि परत येऊन गाईच्या पाठीत बसला. गाय उठली. ती कधी उठत नाही असं तिथे सगळे धरून चालत होते, त्यामुळे मुलांनी जो गलका केला, त्यात मॅडमचा परेडचा आवाजही फुटला. टोपी काढून त्या खाली बसल्या आणि डोळे पुसत हसत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "जागा कोणाला दिली नव्हती हो. मुलगी मला पहिल्याच फटक्याला आवडली होती, म्हणूनच इतका राग आला." लाडू आले. आतोबांनी एक खाल्ला, आणि दुसरा माझ्या वाटचा म्हणून उचलला, तोही खाल्ला. त्या स्पर्धेत मी खेळले. आले शेवटून दुसरी, पण त्या पोरांबरोबर वाळूत लोळून जे शिकले त्यावर माझा खेळ आजवर चालला आहे.

यंदा मी कॉलेजसाठी पुण्याला आले. इथेही क्लब शोधायचा होता. पहिल्याच क्लबात गेले आणि माझ्या खांद्यात ती जुनी झिणझिण पुन्हा उठली. तिथल्या सेक्रेटरींना नातू झाला होता, त्यांनी पेढे पुढे केले. मी एक मिनिट म्हणून बाहेर आले आणि जयेंद्रगंजला फोन लावला. आतोबांचे गुडघे गेलेत, साखर वाढलीय, आत्याने घरातले सगळे डबे वरच्या फळीवर ठेवलेत. त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले. आधी पाणी दिलं का, तुझ्या वयाचं कोण आहे, खेळून आलेली पोरं कशी दिसतात. मी सांगत गेले. मग म्हटलं, "पेढा तसाच ठेवलाय. तिसऱ्या भेटीला तुम्ही याल ना?"

आतोबा म्हणाले, "जिना उतरवत नाही गं आता. जागा तुला आवडली का?"

"खूप."

"मग खाऊन टाक. मीपण एकदा पहिल्याच भेटीत लाडू खाल्ला होता. छावनीत, तुझ्या आत्याच्या घरी. कोणाला सांगू नकोस."

मागून आत्याचा आवाज आला, "दोन खाल्ले होते."

मी आत गेले आणि उभ्या उभ्या पेढा खाल्ला. बरोबर कोणी नव्हतं, म्हणून होकारही मलाच द्यावा लागला.