सिग्नलला हलणारा आरसा

आमच्या धाकट्या भाऊजींइतका हलणाऱ्या वस्तूंचा वैरी अख्ख्या बोरीवलीत दुसरा सापडायचा नाही. लग्नाला गेले की जेवायला बसण्याआधी टेबल हलवून बघणार, आणि डुगडुगलं तर खिशातली लग्नपत्रिकाच घडी करून त्याच्या पायाखाली सारणार. एकदा माझ्याकडे चहाला आले आणि कप तसाच ठेवून स्टुलावर चढले, का तर पंखा मान हलवतोय. स्वतः मात्र हा माणूस एका जागी म्हणून बसत नाही. बसलाच तर उजवा पाय शिवणयंत्र चालवल्यासारखा चालूच. सासूबाई सांगून दमल्या, मीही दमले.

गेल्या वर्षी माझी धाकटी जाऊ गेली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत भाऊजींच्या गाडीचा डावीकडचा आरसा हलायला लागला. मग काय, उद्योग मिळाला. आरशाच्या फटीत सायकलच्या ट्यूबचे तुकडे कोंबून झाले, कोथिंबिरीच्या जुडीचे रबर गुंडाळून झाले, खिडकीच्या काचेला लावतात ती लांबी भरून झाली. सकाळी सातला भाऊजी खाली आरशाला कान लावून उभे. वॉचमन विचारायचा, "काका, आज तब्येत कशीय त्याची?" गॅरेजवाल्यानं तीनदा उघडून बघितला, इंजिन चालू करून बघितलं, काही हलेना. "लबाड आहे तो, वहिनी," भाऊजी मला म्हणाले. "गॅरेजात गपगार असतो. रस्त्यावर धावतानाही नीट. मी सिग्नलला थांबलो की झाला सुरू."

हे हसण्यावारी गेलं असतं, पण भाऊजींची मुलुंडची लेक ऐकेना. सिग्नल सुटला तरी बाबा आरशाकडेच बघत बसतात, हे तिनं पाहिलं होतं. "काकू, एक दिवस मागून कुणीतरी ठोकेल. विकू दे ती गाडी." रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. लेकीच्या माघारी भाऊजी मला म्हणाले, "गाडी गेली तर दिवसभर त्या घरात बसून मी करू काय?"

शुक्रवारी मला डोळे तपासायला न्यायला आले. इतकी वर्षं मी मागे बसायची, पुढची सीट जाऊबाईंची. त्या दिवशी भाऊजींनीच पुढचं दार उघडलं. "इथे बसा, आरशावर लक्ष ठेवा." पहिल्याच सिग्नलला आरसा थरथरायला लागला, मागची एक रिक्षा त्यात चार दिसायला लागली. "बघितलंत?" भाऊजी म्हणाले. मी बघितलं, पण खाली. गाडी न्यूट्रलमध्ये, आणि भाऊजींचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवर, चालूच. पाय हलला की इंजिन घुरघुरायचं आणि आरसा थरथरायचा.

मग मला आठवलं. सिग्नल आला की जाऊबाईंचा हात गुपचूप भाऊजींच्या गुडघ्यावर जायचा. मी आपली या वयातही काय लाड म्हणून खिडकीबाहेर बघायची.

माझ्यानं काही तसा हात ठेववेना. नुसतं म्हटलं, "भाऊजी, पाय."

पाय थांबला, आरसाही थांबला. भाऊजींनी आरशाकडे बघितलं, मग स्वतःच्या गुडघ्याकडे. सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजायला लागले. गाडी पुढे काढत म्हणाले, "रविवारच्या माणसाला काय सांगायचं?"

"विकायची नाही म्हणा. लेकीला मी सांगते, आरसा दुरुस्त झाला म्हणून."

हल्ली भाऊजी निघाले की मीही काहीतरी काम काढून शेजारी बसते. डोळे तर तीन महिन्यांत दोनदा तपासून झाले. सिग्नलला "पाय" म्हटलं की थांबतो, पण सिग्नल लांबला की पुन्हा सुरू होतो, मला पुन्हा म्हणावं लागतं. कधीकधी मी म्हणतच नाही. आरसा थरथरत असतो, आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसतो.