ओटी न भरता

परवा नवरा मला न्यायला आला... सोबत त्याचे मामा आणि पेढ्यांचा बॉक्स. कोल्हारला माझ्या माहेरी ओसरीवर सतरंजी अंथरली, चहा झाला, ऊस आणि पाण्याच्या गप्पा झाल्या. जणू मी दिवाळीलाच आले होते.

मी आले होते सुजलेलं मनगट घेऊन. सासर राहुरीजवळ, लग्नाला सहा वर्षं झाली. मारहाण अधूनमधून, पण फोन तपासणं, व्हिडिओ कॉलवर खोलीत कोण आहे ते दाखवायला लावणं, मन नसताना जवळ ओढणं हे रोजचं. 'नाही' म्हणायची सोयच नव्हती...

याआधी दोनदा अशीच आले होते. दोन्ही वेळा मोठ्यांनी बैठक घेतली आणि आईने डोळे पुसत ओटी भरून मला परत धाडलं. आमच्याकडे लेकीची ओटी भरली की विषय संपला, गाडीत बसायचं.

परवाही मामांनी तेच चालवलं. भांड्याला भांडं लागतंच, ओटी भरा, आम्हाला ऊन चढायच्या आत निघायचंय म्हणाले. आई खण, तांदूळ, नारळाचं ताट घेऊन आली. मीही पाटावर बसून ओढणी पसरली... सवय फार वाईट.

आई थांबली. सगळ्यांसमोर म्हणाली, "तुला जायाचंय का?"

सहा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. शेवटी कसंबसं "नाही" म्हणाले.

आईने ताट आत नेऊन ठेवलं. "पाव्हनं, भांड्याला भांडं लागतं, व्हय. पर हितं एकच भांडं चेपतंय. ओटी भरनार न्हाई मी."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला पाठ आहे. पण बिनओटीची सून न्यायची मामांनाच लाज वाटली असावी... त्यांनीच त्याला उठवून गाडीत बसवलं.

काल वहिनीसोबत तालुक्याला जाऊन संरक्षण अधिकाऱ्यांकडे घरगुती हिंसाचाराचा अर्ज दिला. पुढचं माहीत नाही, भीती आहेच.

दुपारी मेथी निवडताना आई मान खाली घालून म्हणाली, "पयल्यांदा आलीस तवाच इचारायला पायजे हुतं."

दोनदा पाठवल्याचा राग अजून आहे, खोटं कशाला बोलू... पण तुमच्या घरी अशी लेक आली, तर ओटी भरायच्या आधी तिला एवढं विचारा.