एकाच बाजूची धार

माझ्या थोरल्या बहिणीबद्दल मी बोलायला लागलो की घरातली माणसं एकेक करून उठून जातात. जाऊ देत! ताईने एकतीस वर्षं सरकारी बागेत झाडांना कलमं बांधली. तिने बांधलेलं कलम मेलं, असं सांगणारा कुणी असेल तर त्याने माझ्यासमोर यावं.

आता तिचा उजवा डोळा गेलाय, डाव्याने धूसर दिसतं. चाकू मात्र अजून खिशात असतो. घडीचा, लाकडी मुठीचा, पातं झिजून झिजून करंगळीएवढं उरलेलं.

यंदा मागच्या अंगणातलं लिंबाचं झाड किडीने पोखरलं. आमच्या वडिलांनी, दादांनी लावलेलं झाड ते. शेंड्याला दोनच हिरव्या काड्या राहिल्या. माझी सून म्हणाली, "आत्या, नवं रोप आणू की." ताई म्हणाली, "आण ना. पण ते दादांचं नसेल." तिने कुंडीत दुसऱ्या जातीचं रोप वर्षभर वाढवून ठेवलं होतं. त्याच्या खुंटावर या काड्यांतली एक जरी जगली, तरी दादांचं झाड राहिलं. नाहीतर संपलं.

आणि नेमका कलम बांधायच्या आदल्या दिवशी मी शहाणपणा केला. मी कारखान्यात लेथवर जन्म घालवलेला माणूस, धारेचं मला कोण शिकवणार? ताईचे कष्ट वाचावेत म्हणून तिचा चाकू गुपचूप उचलला आणि घरच्या ग्राइंडरवर दोन्ही बाजूंनी अगदी सारखी धार लावली. कागद सरकन कापला गेला. मी स्वतःवरच खूश!

सकाळी ताईने पहिल्या काडीला काप दिला, त्यावरून बोट फिरवलं आणि थांबली.

"चाकूला कुणी हात लावला?"

"मी. धार लावून ठेवली. कशी झालीय?"

"मुडद्या, दोन्ही बाजूंनी लावलीस!"

कलमाच्या चाकूला धार एकाच बाजूने असते. दुसरी बाजू आरशासारखी सपाट. तरच काप सपाट येतो आणि काडी खुंटात घट्ट बसते. माझ्या धारेने काप मधेच फुगत होता. ताईने पुन्हा पुन्हा तासून पाहिलं, तेवढ्यात काडीच संपली. उरली एक.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "बाजारातून नवा घेऊन येतो."

"बस इथे. बिघडवलास तू, सरळही तूच करायचास."

धारेचा दगड पाण्यात भिजवून तिने माझ्यापुढे ठेवला आणि डोळे मिटून शेजारी बसली. मी घासायला लागलो.

"पातं तिरकं झालं."

बघतो तर खरंच तिरकं झालं होतं.

"आता दाबतोयस. दगड ओरडतोय बघ."

नुसत्या आवाजावरून ओळखत होती बाई! चौथ्यांदा चूक काढली तसा मी भडकलो. "एवढं कळतंय तर तूच घास ना!"

"घासते. मग काप द्यायला मनगट कुठून आणू? आता एका वेळी एकाच कामाला पुरतं ते."

मी पुन्हा दगडावर पाणी मारून घासायला लागलो. दोन तास लागले. शेवटी तिने सपाट बाजूवरून अंगठा फिरवला, माझ्याच हातावरचे चार केस भादरून पाहिले, म्हणाली, "चालेल." कारखान्यातल्या चौतीस वर्षांत साहेबांनी दिलेल्या एकाही शाबासकीने मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

मग तिने उरलेली काडी धरली. या बाजूने एक काप, त्या बाजूने एक. बस्स. दुसऱ्यांदा पातं लावलं नाही. खुंट चिरून काडी आत बसवली, पट्टीने घट्ट गुंडाळली, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधली. मी पिशवीला नाक लावून बसलो होतो, आणि ही शांतपणे चाकू पुसत होती.

पाचव्या आठवड्यात मला पिशवीच्या आत हिरवा ठिपका दिसला. ओरडतच आत गेलो, "ताई, पान आलं! एक पान आलं!"

ती भिंत धरून अंगणात आली. पिशवीत हात घालून हलकेच चाचपलं.

"एक कुठे? दोन आहेत. दुसरं मागे आहे."

कुंडी फिरवून पाहिलं. होतं.

तेव्हापासून घरी येईल त्याला मी ती कुंडी दाखवतो आणि ताईची सगळी हकीकत सांगतो. ताई आतून ओरडते, "पहिली काडी कुणी घालवली तेही सांग!"

तेही सांगतो. छाती फुगवून सांगतो.