माळावरचं खोकड

रंभाआजीला जगात सगळ्यांचाच संशय. डॉक्टरनं गोळी दिली, तर ती आधी त्यालाच खायला सांगायची. तिचं तोंड एकदा दुधानं पोळलेलं होतं, म्हणून ताकही फुंकून पिणं चाललेलं. चाकणजवळच्या तिच्या गावात पूर्वी जमीन मोजायची टेप घेऊन माणसं आली, 'नुसतं बघतोय' म्हणाली आणि पुढं तिच्या रानावर कंपनीची भिंत उभी राहिली.

उरला होता गावचा माळ. तिथं ती शेळ्या चारायची. तिथंच बोरीच्या जाळीखाली खोकडाचं बीळ होतं. कोल्ह्याहून लहान, काळ्या शेपटीटोकाचं ते जनावर यंदा व्यालं होतं. आजीचा त्या पिल्लांवर जीव. शेळ्या ती लांबून वळवायची.

अशात अनुया नावाची मुलगी गळ्यात दुर्बीण अडकवून आली. रानातल्या जिवांसाठी गावातली एकच जागा राखायची होती, ओढा किंवा माळ. कोणती ते तिची संस्था ठरवणार होती.

"आजी, माळावर काय काय दिसतं?"

"दगडं," आजी म्हणाली. गावालाही तिनंच बजावलं, "कायबी सांगू नगा. उद्या माळावर पाय ठिवू द्यायची न्हाईत."

मग ग्रामसभेत अनुया म्हणाली, माळ रिकामाच दिसतोय, तेव्हा ओढा निवडते. सरपंच प्रीतमनं एवढ्या जोरात टाळ्या पिटल्या, की आजीचे कान टवकारले. या गड्याला ओढ्याचा पुळका कधीपासून? तो शेजारी बसलेल्या, गोदामं बांधणाऱ्या ठेकेदाराकडं बघून हसला. माळ रिकामा ठरणं कुणाच्या पथ्यावर पडणार, तिथं कुणाची गोदामं उठणार, हे आजीला उमगलं. त्यांची वाट आपणच मोकळी करून दिली, याचा तिला भयंकर राग आला.

ती उठली. "पोरी, माळावर खोकड असलं तर?"

"तर आधी माळ. ओढे इतर गावांतही आहेत, असा माळ आता कुठं उरलाय?"

"आन् माझ्या शेळ्या?"

"चराई बंद व्हईल बरं का, आजी!" प्रीतम घाईनं म्हणाला.

आजीनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. अनुया म्हणाली, "खोटं सांगत नाही, आजी. पिल्लं असतील, तर ती लहान असेतोवर तिथं चारता येणार नाही. पुढचं मला माहीत नाही."

रान जाताना सगळे गोडच बोलले होते. वाईट असं तोंडावर कुणी सांगितलंच नव्हतं. आजीनं पदर खोचला.

"हायेत तिथं पिल्लं," ती भरसभेत म्हणाली. "चल, दावते. शेळ्या कुठं चारायच्या, ते वाटंत बोलू."